घाटाखालचं पहिलं वर्ष

कर्जत तालुक्यात एका विद्यार्थ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची सही आहे. कोंडिवड्याच्या वर, राजमाचीच्या पोटाशी, रानात कोंडाण्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या तोंडाशी डाव्या बाजूला एका मोठ्या मूर्तीचं फुटकं मस्तक शिल्लक आहे आणि त्याच्यापाशी ब्राह्मी अक्षरांची एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, इतकंच ती सांगते. सह्याद्रीतल्या लेण्यांमधले बहुतेक लेख देणाऱ्यांचे असतात. अमक्या गावच्या व्यापाऱ्याने खांब दिला, तमक्या भिक्षुणीने पाण्याचं टाकं दिलं. कोंडाण्यात छिन्नी चालवणारा माणूस बोलतो, आणि बोलताना आधी गुरूचं नाव घेतो, मग स्वतःचं.

बलकाने नेमकं काय केलं, ती मूर्ती की आख्खं चैत्यगृह, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्यात यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. कोंडाण्याचा कण्ह तो हाच का, असाही प्रश्न विचारला गेला आहे आणि तो सुटलेला नाही. सोन्याचं नाजूक काम करणारा माणूस कातळाकडे कसा वळला असेल? शिष्याला स्वतःच्या नावाने सही करू देणारा गुरू कसा असेल? अशा प्रश्नांनी महाविद्यालयाचं पहिलं वर्ष सुरू व्हायला हवं. कर्जत-खालापूरच्या मुलामुलींच्या वाट्याला ते येत नाहीत. रोज सकाळी लोकलने कल्याण-ठाण्याकडे जाणारे किंवा कोकण ज्ञानपीठाच्या कर्जत महाविद्यालयात, खोपोलीच्या के. एम. सी. महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी या डोंगरांच्या सावलीत वाढतात. बलकाचं नाव त्यांच्या कानावर पडलेलं असेलच, याची खात्री कुणी देणार नाही.

मानवशास्त्र, कलेचा इतिहास आणि प्रत्यक्ष चित्र-शिल्पाचा वर्ग या तिन्हींची प्राथमिक ओळख करून देणारे अभ्यासक्रम जगातल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला घेता येतात. पुढे तो डॉक्टर होवो वा हिशेबनीस. आपल्याकडे दहावीनंतर शाखेचं दार एकदा लागलं की लागलं. वाणिज्य घेतलेल्या मुलीने पुन्हा पेन्सिल हातात धरायची नाही आणि विज्ञानवाल्याने लेण्यात सहलीपुरतं जायचं, असा अलिखित नियमच होता. मराठी मुलांना मानवशास्त्र भेटतं तेही बहुधा पुण्यातल्या एखाद्या क्लासमध्ये, यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणून. त्यातल्या जमातींच्या याद्या पाठ होतात. त्या यादीतली कातकरी जमात आपल्या तालुक्यात, आपल्याच गावाच्या कडेला राहते, हे पाठ करणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि हे दार थोडं किलकिलं झालं. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय घ्यायचा आहे, क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजकार्याला श्रेयांक आहेत. कर्जत तालुक्यातच जामरुंगला २०१८ मध्ये विजयभूमी हे खासगी विद्यापीठ उभं राहिलं. त्याच्या मांडणीतच अनेक विद्याशाखांची सरमिसळ आहे. म्हणजे कागदावर तरी वाट मोकळी आहे. त्या वाटेने काय शिकवायचं, हा खरा प्रश्न. माझं म्हणणं असं, की या टापूत हे तीन विषय सुटे शिकवूच नयेत. ते इथे एकाच डोंगराच्या कुशीत आहेत, एकमेकांना लागून. आणि ज्यांच्यावर आजवर अभ्यास झाला त्या ठाकूर-कातकरी घरांतली मुलं या वर्गात पहिल्या बाकावर, अभ्यास करणारी म्हणून बसलेली असावीत.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाकडे होती. मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक, पुढे नगररचनाकार झालेला. त्याच्या शिकवण्यात एक आकृती वारंवार येई. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक आडवा छेद. वर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मग मेंढपाळ, शेतकरी आणि तळाला समुद्रकाठचा कोळी. माणसाचा धंदा आणि त्याची वस्ती जमिनीच्या उतारावर कशी बसते ते या एका रेषेत दिसतं. गेडिसचा आग्रह असा, की हा छेद पुस्तकातून उतरवून घ्यायचा नसतो, खोरं पायी तुडवून काढायचा असतो.

हा छेद काढायला उल्हास नदीचं खोरं फार चांगलं. घाटमाथ्यावर धनगरवाडे. खालच्या उतारांवर ठाकूरवाड्या आणि नाचणी-वरईची वरकस जमीन. सपाटीला आलं की कुणबी, मराठा, आगरी गावं आणि भातखाचरं. गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, कुणाच्या तरी मालकीच्या जागेत कातकरवाडी. पुढे नेरळ, बदलापूर, कल्याण करत नदी वसईच्या खाडीला मिळते तिथे कोळी. शेजारच्या खालापुरात पाताळगंगेचा छेद काढला तर आणखी नवल दिसतं. लोणावळ्याच्या धरणांतलं, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं असं पाणी टाटांनी नळांतून घाटाखाली खोपोलीत आणलं, १९१५ पासून त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत सोडलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे दोन छेद स्वतःच्या हाताने कागदावर काढले की भूगोल, अर्थकारण आणि जातिव्यवस्था यांची निम्मी ओळख तिथेच होते. आणि त्यासाठी त्याला रेषा काढावी लागते, हेही मला महत्त्वाचं वाटतं. चित्रकलेचा पहिला धडा तिथेच सुरू होतो.

मराठीत गावाचा असा बारकाईने अभ्यास करण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच रेल्वेमार्गावर झाला आहे. ना. गो. चापेकर न्यायखात्यातून निवृत्त होऊन बदलापुरात राहिले आणि १९३३ मध्ये त्यांनी बदलापूर गावावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरं, जाती, पोशाख, उत्पन्न, रीतिरिवाज, सगळं त्यांनी टिपलं. बदलापूरनंतर कर्जत पाचवं स्टेशन. पुढे ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. 'म' ठाकूर आणि 'क' ठाकूर हे भेद, त्यांची लग्नं, देव, शेती यांचा तो आजही आधाराचा ग्रंथ आहे. कातकऱ्यांवर अ. ना. वेलिंग यांचं पुस्तक त्याच्याही आधी, १९३४ मध्ये आलं. या पुस्तकांत ठाकूर आणि कातकरी आहेत, पण लिहिणारे ते नाहीत. हा दोष त्या लेखकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्यांनी केलं नसतं तर आज हातात काहीच नसतं. पण ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही लेखणी त्याच हातात राहिली, तर दोष आपला.

मानवशास्त्राची सुरुवात कुठून करायची, याबद्दल माझं मत पक्कं आहे. इरावती कर्व्यांपासून. त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझींना ज्यांचा शास्त्रीय आधार वाटला असे गृहस्थ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरतो का, हे इरावतीबाईंनी तपासायचं होतं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असं गुरूच्या समोर मांडलं. परदेशात शिकणारी एक तरुण मराठी मुलगी, समोर संस्थेचा प्रमुख, आणि हातातली मापं त्याच्या मताविरुद्ध. तरी मापं जशी आली तशी लिहिली. आदिवासी पाड्यावर वही घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निघण्याआधी ही गोष्ट सांगावी. मोजायला शिकणं सोपं आहे. आपल्याला आवडणारं उत्तर मापातून निघालं नाही तरी ते लिहिणं अवघड.

पुढचा धडा नातेसंबंधांच्या आकृतीचा. तिची लिपी जगभर सारखीच. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा, भावंडांसाठी वरून जोडणारी रेघ. गेलेल्या माणसाच्या चिन्हावर तिरपी काट मारतात. पहिल्या वर्गात मुलं आपल्या घराची आकृती काढतात, आणि चार पिढ्या मागे गेलं की बायकांची नावं सापडेनाशी होतात हे प्रत्येकाला स्वतःच्या कागदावर दिसतं. कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

खालापुरात मात्र ही आकृती काढताना हात थांबतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौक गावाजवळ इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड आली. ही ठाकरांची वाडी. वर जायला फक्त पायवाट. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. त्या दिवसांत प्रशासनापुढचा पहिला प्रश्न होता, की त्या रात्री कुठल्या घरात कोण झोपलं होतं. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. कोण माहेरी आलेली, कोण कामाला गेलेला, कुणाचा पाहुणा मुक्कामी, हे सांगू शकणारी माणसंच ढिगाऱ्याखाली गेलेली. जी उरली त्यांच्या आठवणीतून याद्या झाल्या. नात्यांची आकृती हा परीक्षेतल्या पाच गुणांचा प्रश्न नव्हे, हे मला इथे कळकळीने सांगायचं आहे. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीचा नकाशा, घरांची जागा, त्या घरांतली नाती, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं याबद्दलची म्हाताऱ्या माणसांची माहिती, हे सगळं शेजारच्या महाविद्यालयात, वाडीच्या संमतीने, वाडीतल्याच मुलांनी नोंदवलेलं असावं. दर वर्षी नव्या तुकडीने ते ताजं करावं. तज्ज्ञांची समिती यायची तेव्हा येईल.

असं काम होऊ शकतं याचा दाखला कर्जतमध्येच आहे. कातकरवाड्यांची जागा बऱ्याचदा त्यांच्या नावावर नसते. मुंबई जवळ आली, फार्महाऊसवाले आले, जमिनीला भाव आला, तशी वाडीभोवती कुंपणं पडायला लागली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं 'फायटिंग इव्हिक्शन' हे २०१३ चं पुस्तक याच प्रश्नावर, याच भागातल्या कातकऱ्यांबरोबर केलेल्या कामातून उभं राहिलं. कातकरी बायका-पुरुषांनी एकत्र बसून आपल्या वाडीची जमीन कुणाची, धोका कुणाकडून, गावठाणाचा हक्क कसा मागायचा, हे स्वतः मांडलं आणि तेच संशोधन झालं. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यातलं एखादं प्रकरण वाचावं आणि मग त्याच प्रकारची बैठक एखाद्या वाडीवर पाहावी.

आता कोंडाण्याकडे परत जाऊ, कारण कलेच्या इतिहासाचा वर्ग तिथे भरवायचा आहे.

इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचं हे काम. कल्याण, सोपारा या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटांवर अशी लेणी खोदली गेली. घाट चढून गेलं की पलीकडे भाजे, कार्ले, बेडसे. कोंडाण्याच्या चैत्याला समोर प्रचंड पिंपळपानी कमान आहे आणि तिच्या वरच्या पट्ट्यांत नाचणारी जोडपी. पावसाळ्यात या कमानीवरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याखाली भिजायला झुंबड उडते. भिजणाऱ्यांनी जरूर भिजावं. पण वर्गाला तिथे थंडीत न्यावं आणि शेजारच्या विहारात जमिनीवर पाठ टेकून छताकडे बघायला लावावं. छतात तुळया आहेत, त्यांना काटकोनात छेदणारे वासे आहेत, सांधे आहेत, आणि हे सगळं एकाच अखंड कातळात. या तुळयांवर कशाचाच भार नाही. त्या काढून टाकल्या तरी छत पडणार नाही. मग कारागिराने एवढी मेहनत का घेतली?

उत्तर शोधायला विद्यार्थ्याला लाकडी इमारत डोळ्यांपुढे आणावी लागते, आणि त्या काळातल्या लाकडी इमारती कधीच नाहीशा झाल्या आहेत. भाज्यात आणि कार्ल्यात चैत्याच्या छताला बसवलेल्या लाकडाच्या कमानी मात्र अजून टिकून आहेत. दगडाच्या पोटात खरंच लाकूड ठोकलेलं. लोकांना पवित्र जागा म्हणजे लाकडी छपराची जागा, अशीच ओळखीची होती. डोंगरात नवी जागा खोदली तरी ती ओळख सोडवेना. इथे वर्गातल्या ठाकूर मुलाला बोलू द्यावं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, शेणमातीने लिंपून केलेला कूड, मेढी, आडं, वासे यांची नावं आणि कामं त्याला ठाऊक असतात. कुठला वासा नुसता शोभेचा आणि कुठला काढला तर घर बसेल, हे तो शिक्षकापेक्षा लवकर सांगेल. लेणं वरून खाली खोदत आणतात, छत आधी आणि जमीन शेवटी, म्हणून परांचीची गरज कमी पडते. हेही अर्धवट सोडलेली कामं पाहून समजतं. चुकलं तर दुरुस्ती नाही. बलक हे असं शिकला असणार.

आणि याच घाटाखाली, खालापूर तालुक्यात चौकजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला तिथे उभा राहिला. प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस, साच्यातून काढलेल्या जाळ्या, रंगाऱ्याच्या ब्रशने आलेला लाल वालुकाश्म. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराने दगडाला लाकडाचं रूप दिलं आणि आपल्या काळातल्या कारागिराने लाकडाला दगडाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये देसाईंचं त्याच स्टुडिओत निधन झालं. मराठी माणसाला ती बातमी फार लागली. कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं, की सेटवर काम करणाऱ्या सुतार, साचेवाले, रंगारी यांच्या कामाची नोंद कुणीतरी पुरेशा गांभीर्याने घ्यावी. पहिल्या वर्षाच्या निबंधाला विषय म्हणून हा कोंडाण्याच्या तोडीचा आहे. बलकाची निदान एक ओळ आहे. सेटच्या सुताराचं नाव श्रेयनामावलीतही बहुधा येत नाही.

कला आणि माणसांचा अभ्यास वेगळा करता येत नाही, हे आपल्याला दामोदर धर्मानंद कोसंबींनी शिकवलं. गणिताचा हा थोर अभ्यासक राहायचा पुण्यात, नोकरी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. वर्षानुवर्षं डेक्कन क्वीनने ये-जा. म्हणजे कर्जतचा घाट त्यांच्या रोजच्या वाटेवर. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन डोंगर पायी फिरायचे. लेणी व्यापारी वाटांवर का आहेत, लेण्यांशेजारी जुन्या ग्रामदेवता का टिकून आहेत, मेंढपाळांच्या वाटा कुठून जातात, हे सगळं त्यांनी एकत्र वाचलं. कार्ल्याच्या चैत्याला लागून एकवीरेचं देऊळ आहे आणि दर चैत्रात रायगड-ठाण्यातले आगरी-कोळी पालख्या घेऊन तिथे चढतात. कलेच्या पुस्तकात फोटो असतो तो फक्त चैत्याचा. एकवीरा फोटोच्या चौकटीबाहेर राहते. आपल्या वर्गाने दोघांना एका चौकटीत घ्यावं.

तशीच महडच्या वरदविनायकाची गोष्ट. खालापूर तालुक्यातलं हे अष्टविनायकांपैकी एक स्थान. देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधल्याचं सांगतात. लेण्यातली मूर्ती झिजली की तिच्याकडे पुरावा म्हणून पाहिलं जातं. देवळातल्या मूर्तीवर शेंदराचे थर चढत जातात, मूळ दगड दिसेनासा होतो आणि भक्ताच्या दृष्टीने मूर्ती अधिकच जागृत होते. दोन्ही ठिकाणी मूर्ती बदलते. एकीकडे कमी होत, दुसरीकडे वाढत. कला म्हणजे संग्रहालयातल्या दिव्याखालची वस्तू, ही समजूत महडच्या एका फेरीत गळून पडते.

या भागातल्या रिसॉर्टांच्या आणि फार्महाऊसच्या भिंतींवर हल्ली वारली चित्रं सर्रास दिसतात. दोन त्रिकोणांची माणसं, तारप्याभोवतीचा फेर. पाहुण्यांना वाटतं, इथल्या आदिवासींची ही कला. ती खरी डहाणू-तलासरीकडची. लग्नाच्या वेळी सवाष्णी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर गेलं, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या प्रवासात बायकांच्या विधीतली चित्रं पुरुषांचा व्यवसाय झाली. हे चांगलं की वाईट, यावर वर्गात तास-दोन तास वाद झाला पाहिजे. आणि ज्या वाडीच्या जमिनीवर ते रिसॉर्ट आलं, तिथल्या माणसांची स्वतःची गाणी, नाच, घरबांधणी त्या भिंतीवर का आली नाही, हाही प्रश्न त्याच वर्गात यावा.

राहिला हातकामाचा वर्ग. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांची कलेशी सरकारी ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांतून होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. बादली, तांब्या, दोन फळं, मागे घडी घातलेलं कापड. लाखो मुलांच्या हाताला या परीक्षांनी वळण लावलं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. खेड्यातल्या चित्रकला शिक्षकांनी जलरंगाच्या वड्यांवर मुलं घडवली. अडचण एवढीच, की दहावीनंतर ही वाट एकदम संपते. ज्याला पुढे जायचं त्याने मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठायचं, उरलेल्यांनी वही बंद करायची.

जे. जे. कर्जतपासून लोकलच्या एकाच गाडीवर आहे. सुमारे १०० किलोमीटर, शेवटचं स्टेशन सीएसएमटी, तिथून चालत दहा मिनिटं. आणि ज्या स्टेशनात आपण उतरतो त्याच्या दगडी पानाफुलांवर, मोर-माकडांवर त्या शाळेतल्याच विद्यार्थ्यांचे हात फिरले आहेत. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत जॉन ग्रिफिथ्स शिकवायचे. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची भित्तिचित्रं नकलली. उन्हाळे-पावसाळे काढून केलेल्या त्या कॅनव्हासांतले बरेचसे लंडनला १८८५ च्या आगीत जळाले. स्टेशनच्या इमारतीची सजावटही याच काळातली. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखी थोडीच नावं आपल्याला माहीत आहेत.

रायगडच्याच मातीतलं उदाहरण हवं तर अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर आहेत. जन्म १८९१ चा. घरात गणपती घडवण्याची परंपरा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी त्याला जे. जे. त पाठवण्याची सोय केली. पुण्यातला १९२८ चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. सासवण्याच्या त्यांच्या घरात त्यांची शिल्पं आजही पाहायला मिळतात. कोळीण, म्हैस, गावातली माणसं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो खरी. पण एका कलेक्टराची नजर एका भिंतीवर पडली, या योगायोगावर ती उभी आहे. ज्या भिंतींवर नजर पडली नाही त्यांचा हिशेब कोण देणार? ओळख करून देणारा अभ्यासक्रम असा योगायोग प्रत्येकाच्या वाट्याला आणतो, म्हणून तो तालुक्याच्या ठिकाणी हवा.

त्या वर्गाचं पहिलं साहित्य कोळसा असावं. चित्रकार वापरतात तो कोळसा म्हणजे हवा बंद करून भाजलेली काटकी. पेनाएवढ्या जाड काटक्या सोलून, डब्यात गच्च भरून, झाकणाला बारीक भोक ठेवून चुलीत ठेवायच्या. भोकातून धूर येतो तोवर आत काम चालू. धूर थांबला की डबा काढायचा, पण गार होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर हवा लागून राख. कुठल्या झाडाची काटकी मऊ उतरते, कुठली कागद ओरखडते, कुठली बोट लावताच पसरते, हे प्रत्येकाने करून पाहावं. कर्जतमध्ये या धड्याला एक पदर जास्त आहे. कातकरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या कोळसा पाडायला परमुलखात जात आली. लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, आग आत कोंडायची आणि दिवसरात्र राखण करायची, कारण कुठे भेग पडून हवा शिरली की सगळ्या मेहनतीची राख. डब्यातला कोळसा आणि भट्टीतला कोळसा यांचं शास्त्र एक. वर्गात एखाद्या मुलाच्या आजोबांना हे काम ठाऊक असेल तर त्या दिवशी शिकवायला त्यांना बोलवावं, आणि व्याख्यात्याला देतात तेच मानधन त्यांना द्यावं. मग त्या कोळशाने मुलांनी त्यांचंच व्यक्तिचित्र काढावं.

जूनमध्ये कर्जतच्या बाजारात ठाकरीणी शेवळं विकायला बसतात, सोबत काकडं, कारण त्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. टाकळा, कुरडू, भारंगी. या भाज्या ओळखून त्यांची रेखाटनं करायची, विकणारीकडून त्या कुठून खुडल्या हे विचारून लिहायचं, हा एका आठवड्याचा पाठ. मानवशास्त्र कुठे संपलं आणि चित्रकला कुठे सुरू झाली, याची चिंता विद्यार्थ्याने करू नये. शिक्षकानेही करू नये.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. तिन्ही विषयांचे पदवीधर प्रत्येक महाविद्यालयाला मिळणार नाहीत. पण कलाशिक्षक पदविका घेतलेली माणसं तालुक्यात आहेत, इतिहास आणि समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत, गडकिल्ले पायाखाली घातलेले डोंगरभटके आहेत. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे. दोन महाविद्यालयांनी मिळून एक वर्ग चालवला तरी सुरुवात होते.

वेळापत्रकाचा प्रश्न जास्त अवघड, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वाघबारस झाली, दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीच्या वाटेला लागतात. उचल आधीच घेतलेली असते. परत येतात ती पाऊस तोंडावर आल्यावर. म्हणजे महाविद्यालयाचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा वाडी रिकामी होते आणि वर्गातल्या कातकरी मुलाचं बाकही. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमात तो बसत नाही, परीक्षेचा अर्ज अडतो आणि नाव पटावरून हळूहळू पुसलं जातं. म्हणून वाडीवरचं सगळं काम पहिल्या सत्रात, जून ते ऑक्टोबरमध्ये करावं. लेण्यांचा अभ्यास थंडीत. आणि भट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याला तिथूनच क्षेत्रप्रकल्प करण्याची मुभा द्यावी. हजार विटांना दर काय, उचल किती आणि ती फिटली कधी, माती कोण मळतं, साचा कोण मारतं, विटा डोक्यावरून कोण वाहतं, भट्टीवरची लहान मुलं दिवसभर कुठे असतात, खोपटं कुठल्या दिशेला तोंड करून बांधली आहेत. याची रोजची वही, दहा रेखाटनं आणि खोपटांचा एक नकाशा. धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेतच. भट्टीवरचे ते महिने हजेरीत धरायचे, एवढाच ठराव महाविद्यालयाच्या समितीला करावा लागेल, आणि तो दिवाळीच्या सुट्टीआधी करावा लागेल.